अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील ‘हेशियन’ फौजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी मराठीत काही वाचायला घेतले की ‘ब्रिटिशांनी जर्मन भाडोत्री सैनिक आणले’ हे वाक्य हमखास येते आणि विषय तेथेच संपतो. भाडे कोणी दिले, ते कोणाच्या पदरात पडले आणि बंदूक खांद्यावर घेऊन उभा राहिलेला शिपाई त्या व्यवहारात नेमका कोण होता, हे सांगायचे राहूनच जाते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः याच गोष्टींभोवती आहेत.

‘हेशियन’ म्हणजे नेमके कोण?

१७७६ ते १७८३ या काळात ब्रिटनच्या बाजूने उत्तर अमेरिकेत लढण्यासाठी सहा जर्मन संस्थानांतून सुमारे ३०,००० सैनिक पाठवण्यात आले. आज आपण ज्याला जर्मनी म्हणतो तो देश त्या वेळी नव्हता; पवित्र रोमन साम्राज्याच्या नावाखाली शेकडो लहानमोठी राज्ये नांदत होती आणि त्यांतील काही आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी होती. या सहांपैकी हेसे-कासेल या संस्थानाने एकट्याने निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १७,००० माणसे दिली. ब्राउनश्वाइगने साडेपाच हजारांहून अधिक, हेसे-हानाऊ आणि आन्सबाख-बायरॉइट यांनी प्रत्येकी अडीच हजारांच्या आतबाहेर, तर वाल्डेक आणि आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट यांनी प्रत्येकी बाराशेच्या आसपास माणसे पाठवली. हेसेवाले संख्येने सर्वांत जास्त असल्यामुळे अमेरिकन लोकांनी सरसकट सगळ्यांनाच ‘हेशियन’ म्हणायला सुरुवात केली. उत्तरेकडून आलेला प्रत्येक सैनिक दक्षिणेत ‘अफगाण’ ठरावा, तसाच हा प्रकार होता.

ब्रिटनला परक्या फौजेची गरज का पडली?

ब्रिटनचे आरमार जगात अव्वल असले तरी पायदळ तुटपुंजे होते. आयर्लंड, जिब्राल्टर, वेस्ट इंडीज अशा ठिकाणी पहारे ठेवून समुद्रापार मोठे सैन्य उतरवायचे, तर नवी भरती करून तिला कवायत शिकवण्यात एक-दोन वर्षे सहज गेली असती. तिसऱ्या जॉर्जने १७७५ मध्ये आधी रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनकडे २०,००० सैनिक मागितले होते आणि तिने नकार दिला. त्यानंतरच जर्मन संस्थानिकांकडे मोर्चा वळला. हा मार्ग ब्रिटनला नवा नव्हता, कारण हेसेच्या पलटणी त्याआधीच्या युद्धांतही ब्रिटिश पैशावर लढल्या होत्या. शिवाय हेसे-कासेलचा राजा, लँडग्रेव्ह दुसरा फ्रीडरिख, हा ब्रिटनच्या दुसऱ्या जॉर्जचा जावई होता. सोयरीक आणि व्यवहार हातात हात घालून चालत होते.

करारांत नेमके काय लिहिले होते?

पहिला करार ९ जानेवारी १७७६ रोजी ब्राउनश्वाइगशी झाला आणि हेसे-कासेलचा त्याच महिन्याच्या १५ तारखेचा आहे. ब्रिटनच्या वतीने बोलणी करणारे गृहस्थ होते कर्नल विल्यम फॉसिट. पुढील दोन वर्षे ते एका दरबारातून दुसऱ्या दरबारात फिरत होते.

करारांचा साचा साधारण असा होता. प्रत्येक शिपायामागे ठरावीक भरतीशुल्क (ब्राउनश्वाइगच्या बाबतीत ३० क्राउन), सैनिकांना ब्रिटिश शिपायांइतका पगार आणि शिधा, आणि या सगळ्याव्यतिरिक्त राजाला स्वतंत्र वार्षिक रक्कम. ब्राउनश्वाइगच्या ड्यूकला ती वर्षाला ६४,५०० क्राउन मिळे आणि फौज परतल्यावरही दोन वर्षे दुपटीने मिळायची होती. हेसे-कासेलने घासाघीस अधिक चांगली केली. त्याचा वार्षिक आकडा ४,५०,००० क्राउन, म्हणजे सुमारे १ लाख ८ हजार पौंड होता. मागील युद्धातील इस्पितळखर्चाची थकबाकीही लँडग्रेव्हने याच वेळी वसूल करून घेतली.

सर्वांत बदनाम झाले ते ब्राउनश्वाइगच्या करारातील नुकसानभरपाईचे कलम. मेलेल्या प्रत्येक शिपायाबद्दल भरतीशुल्काएवढी रक्कम पुन्हा द्यायची आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला, असा हिशेब धरायचा, असे त्यात नमूद होते. फौजेच्या जमाखर्चात हे वाक्य इतक्या सहजपणे बसले आहे की लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही वावगे वाटले असेल असे दिसत नाही. घोडा लंगडा झाला तर किती आणि मेला तर किती, याच जातीचा हा हिशेब आहे. हेसे-कासेलच्या करारात मात्र हे कलम नव्हते, आणि सर्वच संस्थानिकांना सरसकट ‘मुडद्यांवर पैसे खाणारे’ ठरवताना हा फरक बहुधा विसरला जातो.

मग या सैनिकांना ‘भाडोत्री’ म्हणणे योग्य आहे का?

या प्रश्नाचे उत्तर ‘भाडे कोणी घेतले’ यावर अवलंबून आहे. आपल्या इतिहासातील शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या ठरावाने चाकरीला राहत असे. हवे तर त्याला भाडोत्री म्हणता येईल. हेसेच्या शिपायाने ब्रिटनशी कसलाही करार केलेला नव्हता. तो आपल्या राजाच्या नियमित फौजेत होता, आपल्याच पलटणीत, आपल्याच निशाणाखाली आणि आपल्याच अधिकाऱ्यांच्या हुकमात लढत होता. संपूर्ण पलटण भाड्याने दिली होती ती राजाने. कायद्याच्या भाषेत त्यांना ‘साहाय्यक’ म्हणत. मराठीत याला ‘कुमकी फौज’ हा जुना आणि नेमका शब्द आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच वापरावा.

याचा अर्थ शिपायाला काहीच मिळत नव्हते असा नाही. ब्रिटिश दराचा पगार त्याच्या गावाकडच्या मजुरीपेक्षा बराच चांगला होता, तो घरी पैसे पाठवू शकत होता आणि काही तरुण हौसेनेही गेले. परंतु मुख्य लाभ दरबाराचा आणि मुख्य जोखीम शिपायाची, ही वाटणी त्यामुळे बदलत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींत ‘परदेशी भाडोत्री सैन्य’ आणल्याचा आरोप आहे. तो शब्द लोकमत पेटवण्यासाठी निवडलेला होता आणि त्या कामी तो अचूक ठरला. इतिहासलेखनात तो जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही.

सैनिकांची भरती कशी होत असे? सगळ्यांना पळवून आणले होते का?

सगळ्यांना नाही. हेसे-कासेलमध्ये राज्याचे भरतीसाठी विभाग पाडलेले होते आणि प्रत्येक पलटणीला आपला विभाग नेमून दिलेला होता. ज्यांच्यावाचून शेती, कारागिरी किंवा करवसुली अडली असती असे जमीनधारक आणि कुशल कारागीर भरतीतून वगळले जात. उरलेले, म्हणजे धाकटे मुलगे, शेतमजूर, बेकार आणि कर्जबाजारी, यांच्यावर नाव नोंदले जाण्याची टांगती तलवार असे. परप्रांतीयांच्या बाबतीत मात्र भरतीवाले काहीही करायला मागेपुढे पाहत नसत. योहान गॉटफ्रीड झॉयमे हा पुढे नावारूपाला आलेला लेखक १७८१ मध्ये लाइप्झिगचे शिक्षण सोडून पॅरिसच्या वाटेवर निघाला होता. फाखा या गावी त्याला हेसेच्या माणसांनी धरले, त्सीगेनहाइनच्या किल्ल्यात कोंडले आणि तेथून आजच्या कॅनडातील हॅलिफॅक्सला धाडून दिले. त्या वेळी तो अवघा अठरा वर्षांचा होता.

आन्सबाखच्या पलटणींची कथा आणखी बोलकी आहे. मार्च १७७७ मध्ये माइन नदीकाठच्या ऑक्सेनफुर्ट येथे त्यांना होड्यांत अक्षरशः कोंबून रात्रभर ठेवले होते. सकाळी सैनिक काठावर उतरले आणि त्यांनी परत चढण्यास नकार दिला. बंड मोडण्यासाठी स्वतः आन्सबाखचा राजा, मारग्रेव्ह कार्ल अलेक्झांडर, घोड्यावरून धावत आला, त्याने शिपायांची समजूत घातली आणि पुन्हा गडबड नको म्हणून हॉलंडपर्यंत त्यांची सोबत केली. जहाजात बसेपर्यंत माल सांभाळावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. याच मारग्रेव्हने १७९१ मध्ये पैशाच्या मोबदल्यात आपले संस्थानच प्रशियाला देऊन टाकले आणि तो इंग्लंडला जाऊन राहिला.

या पैशाचे पुढे काय झाले?

हेसे-कासेलमध्ये त्यातला काही भाग इमारती, शाळा, उद्योग आणि करसवलतींवर गेला. १७७९ मध्ये कासेलला उघडलेले फ्रीडेरिसियानुम हे युरोपातील आरंभीच्या सार्वजनिक संग्रहालयांपैकी एक आहे आणि आज तेथे दर पाच वर्षांनी ‘डॉक्युमेंटा’ हे आधुनिक कलेचे प्रदर्शन भरते. लँडग्रेव्हचा मुलगा विल्हेल्म आधी हेसे-हानाऊचा राजा होता. त्याने तेथे स्वतंत्रपणे फौज भाड्याने दिली. मायर आमशेल रोथशील्ड या फ्रँकफर्टच्या सावकाराची पेढी वाढली ती याच विल्हेल्मशी असलेल्या व्यवहारांच्या आधाराने.

खुद्द ब्रिटनमध्ये यावर टीका झाली का?

झाली, आणि कडाडून झाली. फेब्रुवारी १७७६ मध्ये पार्लमेंटात करार चर्चेला आले तेव्हा विरोधकांनी खर्च आणि नामुष्की या दोन्ही मुद्द्यांवर सरकारला धारेवर धरले. घरातल्या भांडणात बाहेरचे लोक बोलावले की समेटाची वाट बंद होते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १७७७ च्या नोव्हेंबरमध्ये अर्ल ऑफ चॅटम, म्हणजे थोरला विल्यम पिट, लॉर्डांच्या सभागृहात म्हणाला की आपण अमेरिकन असतो तर परकी फौज आपल्या भूमीवर असेपर्यंत हत्यार खाली ठेवलेच नसते. याच काळात युरोपात एक बनावट पत्रही फिरत होते. एक जर्मन राजा आपल्या सेनापतीला लिहितो की ट्रेंटनच्या लढाईत फार थोडी माणसे मेली, त्यामुळे आपला तोटा झाला, असा त्यातील विनोद. ते बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर सांगितले जाते.

ट्रेंटनला हेशियन दारू पिऊन पडले होते, हे खरे आहे का?

ही या विषयातील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमकुवत कथा आहे. २६ डिसेंबर १७७६ च्या सकाळी वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून सुमारे २,४०० सैनिकांसह ट्रेंटन गावावर हल्ला केला. गावात राल, लॉसबेर्ग आणि क्निपहाउझेन यांच्या नावाच्या तीन पलटणी, म्हणजे साधारण दीड हजार माणसे होती आणि त्यांचा प्रमुख कर्नल योहान राल हा होता. नाताळ होता हे खरे. परंतु आधीचे कित्येक दिवस आसपासच्या स्थानिक टोळ्या पहाऱ्यांवर सतत गोळीबार करत असल्यामुळे हे सैनिक अंगावरचे कपडे न उतरवता झोपत होते आणि जागरणाने पिचले होते. त्या दिवशी हल्ला करणाऱ्यांपैकीच एका अमेरिकन शिपायाने पुढे आठवणींत लिहिले की आपल्याला एकही झिंगलेला शत्रू दिसला नाही.

चूक झाली ती रालची. गावाभोवती मातीचे मोर्चे बांधावेत असे त्याला सांगितले गेले होते, पण समोरचे लोक म्हणजे नुसते शेतकरी, या समजुतीने त्याने ते बांधले नाहीत. हल्ल्याच्या वेळी गारा आणि बर्फ मिसळलेला वारा हेशियनांच्या तोंडावर येत होता, बंदुकीची दारू ओली होत होती आणि रस्त्यांच्या तोंडाशी अमेरिकन तोफा उभ्या होत्या. तास-दीड तासात सगळे आटोपले. सुमारे २२ हेशियन ठार झाले आणि ९०० च्या आसपास पकडले गेले. स्वतः राल दोन गोळ्या लागून रात्रीपर्यंत मरण पावला. हल्ल्याची खबर देणारी चिठ्ठी त्याच्या खिशात न वाचता तशीच सापडली, असे सांगतात.

इतर लढायांत त्यांची कामगिरी कशी होती?

ट्रेंटनमुळे झालेली प्रतिमा सोडून पाहिले तर हे शिस्तबद्ध आणि कसलेले सैनिक होते. ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंड आणि नोव्हेंबरमध्ये फोर्ट वॉशिंग्टन येथील ब्रिटिश विजयांत त्यांचा मोठा वाटा होता. तो किल्ला घेतल्यावर त्याला क्निपहाउझेन या हेशियन सेनापतीचेच नाव देण्यात आले. हिरव्या डगल्यांतले ‘येगर’, म्हणजे वनरक्षक आणि शिकाऱ्यांतून निवडलेले नेमबाज, झाडीतल्या लढाईत अमेरिकनांना तोडीस तोड ठरले.

पराभवही मोठे होते. ऑगस्ट १७७७ मध्ये बेनिंग्टनला लेफ्टनंट कर्नल बाउम याला घोडे आणि रसद मिळवण्यासाठी पाठवले, तेव्हा त्याच्या हाताखाली ब्राउनश्वाइगचे घोडेच नसलेले घोडेस्वार होते. त्यांना पायी लढावे लागले, बाउमला इंग्रजी येत नव्हते आणि जवळ येणारे गावकरी राजनिष्ठ असावेत या समजुतीत त्याने त्यांना आपल्याभोवती जमू दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेड बँकच्या किल्ल्यावर पुरेशा तयारीविना चालून गेलेला कर्नल डोनोप मारला गेला आणि त्याच्या तुकड्यांची जवळजवळ ४०० माणसे कामी आली किंवा जखमी झाली. साराटोगाला शरण आलेल्या ब्रिटिश सैन्यात जनरल रीडेझेलच्या नेतृत्वाखालील ब्राउनश्वाइग आणि हानाऊचे लोक मोठ्या संख्येने होते. वाल्डेकच्या पलटणीच्या नशिबी तर फ्लोरिडातील ताप आला आणि १७८१ मध्ये पेन्साकोला येथे स्पॅनिशांची कैद आली.

त्यांनी लूटमार केली का?

केली. न्यू जर्सीत ब्रिटिश आणि हेशियन दोघांनीही केली. राजनिष्ठ घरांना ब्रिटिशांनी संरक्षणाचे कागद दिले होते, परंतु ते इंग्रजीत होते आणि जर्मन शिपायाला वाचता येत नव्हते. त्यामुळे ज्याने विश्वासाने कागद पुढे केला त्याचीही कोंबडी आणि रजई गेली. या लुटीने न्यू जर्सीतील अनेक तटस्थ शेतकरी बंडखोरांच्या बाजूला ढकलले गेले.

अमेरिकनांनी त्यांना फोडण्याचा प्रयत्न केला का?

१४ ऑगस्ट १७७६ रोजी बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने ठराव केला की फौज सोडून येणाऱ्या प्रत्येक परदेशी सैनिकाला ५० एकर जमीन आणि नागरिकत्व मिळेल. हा मजकूर जर्मनमध्ये छापून तंबाखूच्या पुड्यांना गुंडाळून छावणीत पोहोचवण्यात आला. क्रिस्टोफर लुडविक नावाचा फिलाडेल्फियाचा जर्मन पाववाला तर स्वतःच हेशियन छावणीत जाऊन तेथील सुबत्तेचे वर्णन करून आला. पेनसिल्व्हेनियात जर्मन भाषिकांची मोठी वस्ती होती, त्यामुळे हे आमिष पोकळ नव्हते. ज्याला घरी वाट्याला एक बिघाही येणार नव्हता, त्या धाकट्या मुलाला ५० एकर म्हणजे काय वाटले असेल, हे शेतकरी घरातल्या वाचकाला सांगायला नको.

कैद्यांचे काय झाले?

ट्रेंटनचे कैदी आधी फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून मिरवले गेले आणि नंतर पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया अशा भागांत पांगवले गेले. माणसांचा तुटवडा असल्यामुळे त्यांना शेतांत, लोखंडाच्या भट्ट्यांवर आणि कारागिरांकडे मजुरीने ठेवत. अनेकांची मने तेथेच रमली. ब्राउनश्वाइगच्या दरबाराला मात्र वेगळीच चिंता होती. साराटोगाचे कैदी मायदेशी आले तर ते आपले हाल लोकांना सांगतील आणि नव्या भरतीला कोणी उभे राहणार नाही, म्हणून त्यांना परत पाठवू नये, अशी गळ त्याने ब्रिटनला घातली.

दुसऱ्या बाजूनेही जर्मन लढले होते का?

होय. वॉशिंग्टनच्या सैन्याला कवायत शिकवणारा श्टॉयबेन प्रशियाचा होता आणि फ्रान्सच्या फौजेत ‘रॉयाल दू-पाँ’ ही त्स्वाइब्र्युकेन संस्थानाची जर्मन भाषिक पलटण होती. १४ ऑक्टोबर १७८१ च्या रात्री यॉर्कटाउनला याच पलटणीच्या तुकडीने ब्रिटिशांच्या नवव्या क्रमांकाच्या बुरुजावर चाल केली, तेव्हा अंधारातून हेशियन पहारेकऱ्याची हाळी आली : ‘वेर दा?’, म्हणजे ‘कोण आहे?’ हाळी देणारा आणि ती ऐकणारे, दोघांचीही मातृभाषा एकच होती.

त्यांच्याबरोबर बायकामुले होती का?

काही शिपायांच्या बायका धुणे-शुश्रूषा करत फौजेबरोबर होत्या. सर्वांत तपशीलवार नोंदी ठेवल्या त्या जनरल रीडेझेल याची पत्नी फ्रीडेरिके हिने. साराटोगाला तोफांचा मारा चालू असताना ती तीन लहान मुलींसह एका घराच्या तळघरात जखमींच्या गर्दीत कित्येक दिवस बसून होती. पुढे न्यूयॉर्कला १७८० मध्ये झालेल्या मुलीचे नाव तिने ‘अमेरिका’ ठेवले आणि त्यानंतरच्या मुलीचे ‘कॅनडा’.

किती जण परतले?

सुमारे १७,३०० परतले. न परतलेल्या साडेबारा हजारांपैकी लढाईत किंवा जखमांनी मेलेले साधारण १,२०० होते, तर आजार आणि अपघातांनी सहा हजारांहून अधिक गेले. उरलेले सुमारे ५,००० अमेरिका आणि कॅनडातच राहिले. काही हेशियन पलटणींबरोबर कासेलला गेलेले कृष्णवर्णीय ढोलवाले हा या हिशेबाचा उलटा भाग. गुलामीतून पळालेल्या या माणसांनी हेशियन फौजेत चाकरी धरली होती.

गव्हावरच्या ‘हेशियन माशी’चा यांच्याशी काय संबंध?

गव्हाच्या खोडांतील रस शोषणारी ही कीड १७७० च्या दशकाअखेरीस लाँग आयलंडवर दिसली आणि ती हेशियनांच्या बिछान्याच्या पेंढ्यातून आली असावी, असा लोकांचा समज झाला. नाव चिकटले ते कायमचे. १७८८ मध्ये ब्रिटनने तिच्या भीतीने अमेरिकन गव्हाची आयातही बंद केली होती.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

आहे, परंतु तो हेसेमार्गे नसून हॅनोव्हरमार्गे आहे. तिसरा जॉर्ज स्वतः हॅनोव्हरचाही अधिपती होता. अमेरिकेतील युद्धात फ्रान्स उतरल्यावर भारतातही आघाडी उघडली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीसाठी हॅनोव्हरच्या दोन पलटणी मद्रासला आल्या आणि जून १७८३ मध्ये कडलोरला फ्रेंचांविरुद्ध लढल्या. समोरचा फ्रेंच सेनापती बुसी हा मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, कारण पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी त्याच्याच तालमीत तयार झालेला होता.

मराठी राज्याच्या संदर्भात ‘तैनाती फौज’ आठवणे साहजिक आहे, पण तेथे पैसा उलट दिशेने वाहत होता. हेसेचा राजा फौज देऊन पैसा घेत होता. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज घेतली आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. त्यातून पेटलेल्या युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या कवायती पायदळाची सूत्रे अँथनी पोलमन याच्या हातात होती. तो हॅनोव्हरचा होता, पूर्वी कंपनीच्या चाकरीत होता आणि शिंद्यांकडे स्वतःच्या मर्जीने, स्वतःचा पगार ठरवून आला होता. भाडोत्री हा शब्द त्याला नेमका लागू पडतो.